बुलेटच्या इंजिनवर कूपर 500 : कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या प्रकल्प नोंदी

12 जानेवारी 2024

कुठल्या जुन्या गाडीची प्रतिकृती करायची हा वाद आज मिटला. मंडळींचा कल लोटस सेव्हन या इंग्लिश स्पोर्ट्स कारकडे होता. तिचे आराखडे सहज मिळतात आणि तिच्यात दोघांना बसता येतं. मी कूपर 500 या छोट्या रेसिंग गाडीवर अडून बसलो होतो.

कारण असं. 1946 साली लंडनच्या दक्षिणेला सर्बिटनमध्ये चार्ल्स कूपर आणि त्याचा मुलगा जॉन या गॅरेजवाल्या बापलेकांनी दोन फियाट टोपोलिनो मोटारींचे पुढचे भाग घेतले आणि पाठीला पाठ लावून जोडले. मध्ये ड्रायव्हर, त्याच्या मागे मोटरसायकलचं 500 सीसी जॅप इंजिन. इंजिन मागे का, तर ते चेननं चाकं फिरवायचं आणि चेन मागच्या चाकांजवळच सोयीची. सिद्धांत वगैरे काही नव्हता, स्वस्तात भागत होतं. 1948 ला अठरा वर्षांच्या स्टर्लिंग मॉसनं असलीच एक गाडी घेतली. 1950 पासून 500 सीसीचा वर्ग फॉर्म्युला थ्री म्हणून आंतरराष्ट्रीय झाला. 1958 ला अर्जेंटिनात त्याच मॉसनं मागे इंजिन असलेल्या कूपरमधून ग्रांप्री मारली आणि 1959, 1960 अशी दोन वर्षं जॅक ब्रॅबहॅम कूपरमधून जगज्जेता झाला. पुढं इंजिन असलेल्या फॉर्म्युला वन गाड्यांचा बाजार तिथंच उठला.

माझा मुद्दा एवढाच की ही गाडी हाताशी असेल त्या सामानातून झालेली आहे. मग तिची प्रतिकृती इंग्लंडहून सुटे भाग मागवून करणं म्हणजे तिला न समजणं. ठरलं ते असं: त्यांनी जे भंगारातून उचललं ते आपण इथल्या भंगारातून उचलायचं, त्यांनी जे ओतलं ते आपण कोल्हापुरात ओतायचं. आकार मात्र 1950 च्या आसपासच्या गाडीचाच. आणि मूळ गाडी भासवणारी खोटी चासी नंबराची प्लेट लावायची नाही. गाडी आमची आहे, तिच्यावर आमचंच नाव.

3 फेब्रुवारी

इंजिन आणलं. रॉयल एनफिल्ड बुलेट 500, गिअरबॉक्स एकाच अंगात असलेलं नवं यूसीई मॉडेल. 499 सीसी, बोअर 84, स्ट्रोक 90, ताकद 27 बीएचपी. जुनं जॅप मिथेनॉलवर चाळीसच्या वर जायचं, तेव्हा आपली गाडी मूळ गाडीच्या मागेच राहणार. चालतंय. ते इंजिन दर काही शर्यतींनी उघडावं लागायचं, हे पेट्रोल घालून सोडून द्यायचं.

फ्युएल इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवायचा आग्रह पुतण्यानं धरला, दिसायला जुनं वाटतं म्हणून. मी नाही म्हटलं. कूपर बापलेकांना 1946 ला चालू स्थितीतलं इंजेक्शन भंगारात मिळालं असतं तर त्यांनी ते काढून टाकलं नसतं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतंय, त्यामुळं इंधनाचे सगळे रबरी पाइप मात्र इथेनॉल सोसणारे घेतले.

मारुती 800 चे ड्राइव्ह शाफ्ट, मागच्या चाकांसाठी तिचेच पुढचे हब आणि नकल, स्टिअरिंग रॅक, मास्टर सिलिंडर हे सगळं एकाच गाडीतून निघालं. गाडीचा मालक निरोप घेतल्यासारखा बॉनेटवरून हात फिरवून गेला.

25 फेब्रुवारी

चासीची जिग, म्हणजे वेल्ड करताना चासी जागेवर धरून ठेवणारी चौकट, तयार. दोन आय-बीम, वर मिलिंग केलेल्या पट्ट्या, लेव्हल लावून जमिनीत बोल्ट केलेल्या. सुरुवातीच्या कूपरना चौकोनी पेटीसारखे रूळ होते, नंतरच्या गाड्यांना गोल नळ्या आल्या. आम्ही पेटीच घेतली.

मापं फोटोवरून काढली. रिम 15 इंची हे पक्कं माहीत, म्हणून बाजूनं काढलेल्या फोटोत रिमचा व्यास मोजायचा आणि त्या प्रमाणात बाकी सगळं. लांबून काढलेला फोटोच घ्यावा लागतो, जवळून काढलेल्यात पुढचं चाक फुगतं. आमचा व्हीलबेस 2150 मिमी ठरला.

एका गोष्टीत जुन्याची नक्कल करायची नाही हे आधीच ठरलेलं. त्या काळी ड्रायव्हरच्या डोक्यामागे काहीच नसायचं आणि पट्टाही नसायचा. उलटताना गाडीबाहेर फेकलं जाणं बरं, अशी तेव्हाची समजूत. आम्ही 45 मिमी व्यासाच्या, 2.5 मिमी जाडीच्या सीमलेस नळीचा रोल हूप चासीतच वेल्ड केला, मागे दोन तिरके आधार आणि सहा टोकांचा पट्टा. फोटोत तो खुपणार. खुपू दे.

9 एप्रिल, पाडवा

चाकाचा पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, आज सुरू. कूपरची ओळखच त्या चाकात आहे: हलक्या धातूत ओतलेलं, आणि ब्रेकचा ड्रम चाकाच्याच अंगात. वेगळा ड्रम नाही, वेगळी डिस्क नाही. वजन वाचतं आणि ड्रमची उष्णता थेट चाकात पसरून वाऱ्यावर जाते.

पॅटर्न करणारे नाना आता सत्तरीच्या पुढं आहेत. उद्यमनगरात तेलाच्या इंजिनांचे पॅटर्न करत आयुष्य गेलं. कोल्हापुरातले जुने नामवंत कारागीर म्हादबा मेस्त्री यांच्या गोष्टी त्यांच्या तोंडून ऐकाव्यात. गोठताना धातू आकसतो, म्हणून पॅटर्न वाढीव मापाच्या श्रिंकेजच्या पट्टीनं मोजतात. नानांकडे आहे ती लोखंडाची, म्हणजे मीटरला 10 मिमी वाढवून आखलेली. ॲल्युमिनियमला 13 लागतात. रिम 400 मिमी धरली तर फरक सव्वा मिलिमीटरचा. वर मशिनिंगसाठी 3 मिमी सोडलेले असताना हा फरक किरकोळ वाटेल, पण तो रिमवर पडतो, हबवर पडतो आणि ड्रमवर पडतो, तिन्हीकडे वेगळा. नानांनी नवी पट्टी स्वतःच आखली, सागाच्या फळीवर, सुईनं.

“आवो, लोखंडापरास ह्ये जास्त अंग चोरतंय,” ते म्हणाले. “आन आरं जाड, रिम पातळ. पातळ आधी गोठणार, जाड मागनं वडणार. कोपरं मोठं ठेवा, न्हाईतर तिथनंच चिरंल.”

मी ड्रॉइंगमध्ये कोपऱ्याला 6 मिमी त्रिज्या दिली होती, नानांनी 12 केली. फोटो पुन्हा काढून बघितले. मूळ चाकाचे कोपरेही चांगले गुबगुबीत दिसतात.

23 एप्रिल

चैत्री पौर्णिमा. सगळे जोतिबाला. उद्यमनगरात मशिन चालू असल्याचा आवाज कुठंच नाही. काम बंद.

18 मे

पाटे झाले. टोपोलिनोला पुढं एकच आडवा कमानपाटा होता, डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत. तोच स्प्रिंग आणि तोच वरचा विशबोन (चाक धरणारा दुबेळक्या हात), खाली खरा विशबोन. कूपरांनी तीच मांडणी पुढंही ठेवली आणि मागंही. बघताना बैलगाडीची आठवण येते, पण भाग किती कमी लागतात ते पाहा.

महामार्गालगत ट्रकचे पाटे करणारे एक चाचा आहेत. त्यांच्याकडे रोज दहा टनांचं गिऱ्हाईक, आमची अख्खी गाडी तीनशे किलोची. पहिल्यांदा त्यांना वाटलं आम्ही चेष्टा करतोय. इतका पातळ पाटा त्यांच्याकडे नव्हता, म्हणून ईएन 45 या स्प्रिंगच्या पोलादाची 5 मिमी पट्टी आम्ही आणून दिली. भट्टीतून लाल काढून साच्यावर कमान दिली, तेलात विझवली, परत तापवून पाणी उतरवलं. पाटे एकत्र बांधायच्या आधी चाचांनी प्रत्येक पाटा कानाजवळ धरून टिचकी मारली. एक बाजूला काढला. कारण विचारल्यावर म्हणाले, “बोलता नहीं ये.” नंतर हार्डनेस बघितली, खरंच तो एक पाटा मऊ होता.

पुढच्या चाकांच्या स्टब एक्सल ईएन 24 पोलादात टर्न करून हीट ट्रीटमेंटला दिल्या आहेत. बेअरिंग टेपर रोलर, 30205, कुठल्याही दुकानात मिळणारी.

6 जुलै

पहिलं ओतकाम. चार चाकं आणि एक जास्तीचं. पाचही रद्द.

कोल्हापूरची फौंड्री म्हणजे मुख्यतः लोखंड. ॲल्युमिनियमचं काम घेणारे कमी, आणि ज्यांच्याकडे भट्टी आहे त्यांचं वेळापत्रक मोठ्या गिऱ्हाइकांनी भरलेलं. आम्हाला तारीख मिळाली ती ऐन पावसाळ्यातली. वितळलेलं ॲल्युमिनियम हवेतल्या वाफेतून हायड्रोजन पिऊन घेतं. द्रव असताना तो आत मावतो, गोठताना मावत नाही, आणि बाहेर पडायला वाट न मिळाल्यानं जागच्या जागी बारीक पोकळ्या करून बसतो. जुलैत वाळूत ओल, हवेत ओल, कोळशात ओल, इन्गॉटवरसुद्धा (वितळवायच्या धातूच्या लाद्यांवर) घाम.

चाकं दिसायला देखणी आली होती. पहिलं चाक लेथवर चढवून रिमवर दोन मिमीचा कट घेतला आणि खालून टाचणीनं टोचल्यासारखी भोकं उघडी पडली. टायरची कड बसते त्या जागीच. ट्यूब असल्यानं हवा राहील, पण चाक म्हणून भरवसा शून्य. फौंड्रीवाले अण्णा म्हणाले, पंपाची बॉडी असती तर लांबी भरून पाठवली असती. ते गमतीनं म्हणाले, पण ती गंमत खरी असते हे या गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

पाचही फोडून परत भट्टीत. आता दिवाळीनंतर.

26 जुलै

पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. आमचा वेल्डर चिखलीचा, तो जनावरं हलवायला गेला. गाडीचं नाव काढायचे दिवस नाहीत.

25 ऑगस्ट

बॉडी. दीड महिना चासीकडे पाठ होती, आता नाक आकाराला येतंय.

पत्रा 18 गेजचा ॲल्युमिनियम. ठोकताना तो कडक होतो, मग चिरतो, म्हणून अधूनमधून मऊ करावा लागतो. थर्मामीटर नको, कपडे धुण्याचा साबण पुरे. पत्र्यावर साबण चोळायचा, मागून ज्योत फिरवायची, साबण काळा पडला की थांबायचं. त्यापुढं दहा सेकंद जास्त गेले तर पत्रा लोण्यासारखा बसतो आणि हातात भोक राहतं.

नाकाचा पुढचा भाग आम्हाला जमत नव्हता. आकार आला होता, पण अंगावर सगळ्या लाटा. शेवटी तांब्याची भांडी करणारे एक काका बोलावले. हंड्या-कळशीवर मठारकाम करणारे. त्यांनी पत्रा हातात घेऊन एकदा उजेडाकडे तिरका धरला, खाली लोखंडी खरवई, म्हणजे ठोके झेलणारा टेकू, ठेवली आणि वरून एका चालीत ठोके घालायला सुरुवात केली. ठोका पडतो तिथंच खाली खरवई असते. हात फिरत नाही, पत्रा फिरतो. ओळीला ओळ लागत गेली आणि लाट पुढं सरकत सरकत कडेला जाऊन संपली. पुतण्याला मी म्हटलं, मोबाइलवर शूटिंग ठेव बाजूला, हात बघ.

काका जाताना म्हणाले पॉलिश करू नका, ठोके राहू द्या. आम्ही राहू दिलेत. रंग देणार नाही.

12 ऑक्टोबर, दसरा

सगळी हत्यारं पुसून पूजा. संध्याकाळी दसरा चौकात सोनं लुटायला. छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार बघितली. पोरं रंग बघत होती, मी तिची चाकं.

10 नोव्हेंबर

दुसरं ओतकाम. थंडी अजून नाही पण हवा कोरडी.

या वेळी अण्णांनी सगळं शिस्तीत घेतलं. एलएम 25 या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे नवे इन्गॉट, परतीचा माल बिलकुल नाही. इन्गॉट आधी भट्टीच्या तोंडावर ठेवून कोरडे केले. मेटल वितळल्यावर ग्राफाइटच्या नळीनं तळापर्यंत नायट्रोजन सोडला. बुडबुड्यांबरोबर हायड्रोजन वर येतो. बुडबुडे मोठे आले तर वर नुसता खळखळाट होतो आणि उलट हवा आत शिरते, म्हणून गॅस अगदी कमी. नंतर मेटल दहा मिनिटं हलवायचं नाही.

हे जमलं का हे ओतायच्या आधी कळायला हवं. थोडं मेटल एका लहान कपात घेतलं, व्हॅक्यूमखाली गोठवलं आणि करवतीनं उभं कापलं. जुलैत हे केलं असतं तर आत स्पंज दिसला असता. आज चकचकीत, एखादं बारीक टिंब. अण्णांनी लॅडल उचलायला सांगितलं. 720 अंशांवर, न थांबता, एका धारेनं. रायझर, म्हणजे जादा मेटलचा साठा, हबच्या बरोबर वर, कारण तिथं सर्वांत जाड भाग शेवटी गोठतो आणि त्याला वरून मेटल मिळत राहायला हवं.

नाना खुर्ची टाकून बसले होते. वाळू फोडल्यावर काठीनं चाकाला टकटक केली आणि चहा मागवला.

1 डिसेंबर

चाकं रेडिओग्राफीला जाऊन आली. एक बाजूला काढलं, आऱ्याच्या बुडाशी सावली होती. बाकी चार घेतली.

मग हीट ट्रीटमेंट. एलएम 25 नुसता ओतलेला असताना साधारण दीडशे मेगापास्कलच्या आतच तुटतो. 535 अंशांवर आठ तास, गरम पाण्यात विझवणं, मग 165 अंशांवर दहा तास एजिंग. यातून ताकद जवळजवळ दुप्पट होते. गार पाण्यात विझवलं तर आणखी थोडी मिळेल, पण चाक वेडंवाकडं होतं.

आता मजेचा भाग. ॲल्युमिनियमवर ब्रेकचे लायनर घासले तर ते खाऊन टाकतात, म्हणून आत बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कडी बसवावी लागते. बीड म्हणजे आमचं घरचं काम, कडी शेजारच्याच फौंड्रीत दोन दिवसांत ओतून मिळाली. प्रश्न होता किती घट्ट बसवायची. कडीचा बाहेरचा व्यास 210 मिमी. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुपटीनं फुगतं. ब्रेक मारून ड्रम 120 अंशांनी तापला तर दोघांतला फरक 0.30 मिमी होतो. म्हणजे नेहमीसारखी 0.25 ची दाबणी ठेवली तर नेमकं ब्रेकची गरज असताना कडी सैल! 0.40 ठेवली.

बसवताना चाक तापवायचं आणि कडी सोडायची. पण किती तापवायचं? कुणीतरी म्हणालं 250, पटकन जाईल. तेवढं तापवलं तर नुकतीच एजिंगमध्ये मिळवलेली ताकद पुन्हा उतरणार. 170 वर थांबलो. तेवढ्यानं चाकाचा व्यास 0.68 मिमी वाढतो, म्हणजे कडी जायला पाव मिमीच्या वर जागा. दोघांनी हातमोजे घालून कडी सोडली, टक आवाज आला, संपलं. वर तीन डॉवेल पिना, आमच्या मनाच्या समाधानासाठी.

22 डिसेंबर

इंजिन, शाफ्ट, चेन बसले. इथं एक गोष्ट बुलेटवाल्यांनी नीट बघावी. मोटरसायकलला मागचं चाक स्विंगआर्मबरोबर वरखाली होतं, त्यामुळं चेनला ढिलाई ठेवावीच लागते. इथं मागचं चेनचक्र चासीवरच्या आडव्या शाफ्टवर पक्कं आहे. वरखाली होतात ते मारुतीचे ड्राइव्ह शाफ्ट, चेनला त्याची खबरही नसते. ढिलाई 10 मिमी पुरते. डिफरन्शियल नाही, मूळ गाडीलाही नव्हतं. दोन्ही मागची चाकं एकाच गतीनं फिरतात. वळणावर याचा त्रास होणार हे माहीत आहे.

टायर ॲम्बॅसेडरचे, 5.90-15, क्रॉसप्लाय म्हणजे जुन्या बनावटीचे. व्यास बुलेटच्या मागच्या चाकाच्या जवळपासच, म्हणून गिअरिंगचं गणित सोपं: टायरनं फारसं बदलत नाही, वजनानं बदलतं. मागच्या चक्राला चार दात वाढवून घेतले.

रिव्हर्स नाही. ढकलायचं.

11 जानेवारी 2025

सेटिंग. शाहू मार्केट यार्डातल्या ओळखीच्या गूळ व्यापाऱ्याकडून चार वजनकाटे आणले. त्यांनी विचारलं काय तोलायचंय, म्हटलं मोटार. त्यांनी काटे दिले, पण बरोबर माणूस पण पाठवला.

ड्रायव्हर बसलेला, टाकी अर्धी. पुढं डावं 78, उजवं 80. मागं डावं 112, उजवं 108. एकूण 378 किलो, मागच्या चाकांवर 58 टक्के. कर्णांतला, म्हणजे तिरप्या समोरासमोरच्या चाकांच्या दोन जोड्यांतला, फरक सहा किलोचा. कॉइल स्प्रिंग असती तर नट फिरवून काम झालं असतं, आडव्या पाट्याला फिरवायला काहीच नाही. पाट्याच्या मधल्या आवळणीखाली एका बाजूला बारीक पाचर सरकवायची, मग पाटा तसूभर कलतो आणि वजन एका कर्णावरून दुसऱ्यावर जातं. अर्ध्या मिलिमीटरच्या शिमपासून सुरुवात. फरक दोन किलोवर आणून सोडला. याहून खाली जायला ड्रायव्हरनं जेवण ठरलेल्या वेळी करावं लागेल.

अलाइनमेंट दोरा आणि ओळंब्यानं. क्रॉसप्लाय टायर उभाच बरा, म्हणून पुढं कॅम्बर (चाकाचा आतबाहेर कल) जेमतेम अर्धा अंश उणे. टो-इन, म्हणजे चाकांची पुढची कड आत, दीड मिमी.

26 जानेवारी

झेंडावंदन करून थेट कार्टिंगच्या ट्रॅकवर.

पहिल्याच बटणाला चालू. आवाज बुलेटचाच, पण आपल्या पाठीत. हातानं गिअर टाकायचा दांडा उजवीकडे आहे, पहिला पुढं आणि बाकीचे मागं. दोन फेऱ्यांत सवय होते. ब्रेक अपेक्षेपेक्षा चांगले, सरळ थांबते. सरळ रस्त्यावर गाडी हलकी आणि हुशार.

वळणावर मात्र नाक बाहेर जातं. स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी मागची दोन्ही चाकं एकाच गतीनं फिरत असल्यानं ती गाडीला सरळ ढकलत राहतात. मोठ्या वळणावर चालून जातं, हेअरपिनला जवळजवळ थांबावं लागतं. मी पाटा मऊ करायचा विचार बोलून दाखवला, तर कार्ट चालवणारी शाळकरी पोरं हसायला लागली. त्यांच्या कार्टलाही डिफरन्शियल नसतं. “काका, आतलं मागचं चाक उचलायला लागतंय. उचललं की वळती,” त्यातला एक म्हणाला.

बरोबर आहे. कार्टमध्ये ते काम पुढच्या चाकांचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागचा कल) करतो. आपल्याकडे ते मागच्या पाट्यानं करायला हवं, आणि त्यासाठी पाटा मऊ नाही, कडक हवा: वळताना मागचं वजन बाहेरच्या चाकावर जास्त गेलं की आतलं हलकं होऊन घसरायला मोकळं.

16 फेब्रुवारी

मागच्या पाट्याची आवळणी 120 मिमी रुंद होती, नवी 180 ची केली. पाटा मीटरभर लांब, म्हणजे प्रत्येक बाजूची मोकळी लांबी 440 वरून 410 वर आली. पाट्याचा ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. गणितानं 24 टक्के वाढ. एकही पाटा न बदलता. मागची उंची थोडी वाढली ती पाट्याच्या टोकाच्या डोळ्याखालचं पॅकिंग काढून खाली आणली, काट्यावर पुन्हा बघितलं.

आज गाडी वळते. हेअरपिनला आधी ब्रेक सोडायचा नाही, ब्रेक हलका धरूनच स्टिअरिंग द्यायचं, नाक आत आलं की पेट्रोल. आतलं मागचं चाक घसरल्याचा आवाज स्पष्ट येतो. उशीर केला तर मागचा भाग बाहेर येतो, पण हळू, सांगून येतो. पुतण्याची वेळ माझ्यापेक्षा कमी आली, हे त्यानं सगळ्यांना सांगितलं आहे, म्हणून इथंही लिहून ठेवतो.

राहिलेलं काम: इंजिन मागे बंद जागेत असल्यानं सलग चालवल्यावर हेड जास्त तापतंय. शेपटाच्या दोन्ही बाजूंना हवेच्या खाचा कापायच्या आहेत. तांबट काकांना विचारून, कारण पत्रा त्यांनी सपाट केलाय. इंजिनच्या मागच्या ब्रॅकेटच्या वेल्डजवळ रंगाला केसासारखी रेघ दिसली. डाय पेनिट्रंट (चिरा दाखवणारा रंग) मारून बघितलं, चीर रंगातच आहे, धातूत नाही. तरी तिथं 4 मिमीची गसेट, म्हणजे आधाराची पट्टी, घालायची. एका सिलिंडरचा हादरा आहे, तो कुठंतरी जागा शोधणारच. आणि जास्तीच्या चाकासाठी अण्णांकडून एप्रिलची तारीख घेतली आहे, वळीव पडायच्या आधीची.